अक्कलदाढ काढून दोन दिवस झाले, गाल टम्म सुजलाय – बर्फच चालू ठेवू की शेक घेऊ?

गोदाकाठची_मी (गुरुवार, सकाळी ८:५०)

नमस्कार मंडळी, घरात दोन पार्ट्या पडल्यात आणि मी मधे अडकलेय म्हणून विचारतेय. मंगळवारी संध्याकाळी ५ वाजता माझी खालची डावीकडची अक्कलदाढ काढली, आडवी होती आणि अर्धी हिरडीखाली दडलेली त्यामुळे हिरडी कापून थोडं हाड काढून दाढेचे तुकडे करून काढावी लागली, पाऊण तास लागला, तीन टाके पडलेत. त्या रात्री काहीच वाटलं नाही, काल सकाळी थोडी सूज होती आणि आज उठले तर डावा गाल इतका फुगलाय की जबड्याची कडच दिसत नाही, तोंड जेमतेम दीड बोट उघडतंय. दुखणं मात्र कालच्यापेक्षा कमी आहे, ताप नाही, गोळ्या वेळेवर चालू आहेत.

आता खरा घोळ असा की क्लिनिकमधून जो कागद दिला त्यावर लिहिलंय "पहिले २४ तास बर्फाने शेकणे". ते मी केलं. पण आई म्हणते २४ तास झाले, सूज वाढलीय म्हणजे बर्फाने गारठा धरला, आता तव्यावर फडकं गरम करून शेक दे, दोन तासात उतरेल. सासूबाई म्हणतात अजून बर्फच लाव. नवरा म्हणतो काहीच लावू नकोस. क्लिनिकला फोन केला तर डॉक्टर दुपारनंतर येणार. रविवारी चुलत बहिणीचा साखरपुडा आहे, तोपर्यंत निदान माणसात येण्यासारखा चेहरा व्हावा एवढीच इच्छा. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी नीट सांगा प्लीज.

---

साताऱ्याचा_गडी (गुरुवार, सकाळी ९:१५)

ताई, गरम शेक आज अजिबात घेऊ नका, मी केलेली चूक सांगतो. मागच्या वर्षी माझी दाढ काढली, मला तर काढल्याच्या दिवशीच रात्री आजीनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून दिली, प्रेमानंच दिली हो, आणि त्या क्षणी बरंही वाटतं, कारण आखडलेलं सैल झाल्यासारखं होतं. पण तासाभरात तोंडात रक्ताची चव यायला लागली, गाल ठणकायला लागला आणि सकाळी डोळ्याखालपर्यंत सूज. रात्री ११ वाजता डॉक्टरांना फोन, त्यांनी परत कापसाची घडी चावून धरायला लावली अर्धा तास, मग थांबलं. त्यांनी सांगितलेलं मला पक्कं लक्षात आहे, ताज्या जखमेला ऊब दिली की रक्ताच्या नळ्या पसरतात, जे थांबलेलं असतं ते परत सुरू होतं.

तुमचं दुखणं कमी होतंय आणि ताप नाही म्हणता, ते चांगलं आहे. घाबरू नका.

---

दातांची_डॉक्टर (गुरुवार, सकाळी १०:०५)

मी डेंटिस्ट आहे, १४ वर्षं प्रॅक्टिस करतेय. तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे दुपारी तुमच्या डॉक्टरांशी बोलाच, पण जे वाचलं त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी, आजची सूज अपेक्षित आहे. हाड काढून दाढ काढली की सूज त्याच दिवशी दिसत नाही, ती हळूहळू चढते आणि साधारण ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते. तुम्ही मंगळवारी ५ धरून आत्ता ४१ तासांवर आहात, म्हणजे चढावरच आहात. सकाळी जास्त दिसते त्याला अजून एक कारण, रात्रभर आडवं झोपल्यामुळे पाणी चेहऱ्यात साचतं, म्हणून दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, दिवसा पण आडवं पडून राहण्यापेक्षा टेकून बसा. आईंना सांगा की बर्फामुळे गारठा धरून सूज वाढलेली नाही, बर्फ लावला नसता तरी ती वाढणारच होती, कदाचित थोडी जास्त.

बर्फ काय करतो तर नळ्या आकसवतो, त्यामुळे पेशींच्या मधे झिरपणारं पाणी कमी होतं, आणि नसा थंड पडल्या की दुखणं कमी जाणवतं. याचा खरा फायदा पहिल्या २४ तासांत असतो, नंतर तो कमी कमी होत जातो. म्हणून कोणी डॉक्टर २४ तास लिहितात, कोणी ३६, कोणी ४८. यात कोणी चूक नाहीये. पण "२४ तास बर्फ" याचा अर्थ "२५ व्या तासाला गरम" असा होत नाही, घोटाळा तिथेच होतो. आज बर्फाने बरं वाटत असेल तर संध्याकाळपर्यंत लावा, नसेल वाटत तर सोडून द्या, काही बिघडत नाही. गरम मात्र सूज वाढायची थांबली की मगच, म्हणजे तुमच्या बाबतीत उद्या दुपार किंवा संध्याकाळ धरा.

आणि "शेक" या शब्दाबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे शेक म्हटलं की गरमच डोक्यात येतं, मग कागदावर "बर्फाने शेका" लिहिलं की घरातली अर्धी माणसं फक्त "शेका" वाचतात. माझ्याकडे असे पेशंट आल्यानंतर मी कागदावरून तो शब्दच काढला, आता "थंड पिशवी गालावर धरा" आणि "कोमट ओलं कापड धरा" असं लिहिते आणि सोबत वार आणि वेळ हाताने लिहून देते.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ही वेगळी गोष्ट आहे हं, त्या २४ तासांनंतर चालतात, तुमच्या सुरू झाल्या असतील. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जोरात खळखळ करायचं नाही, पाणी तोंडात घेऊन मान इकडून तिकडे कलती करायची आणि तोंड उघडून पडू द्यायचं, पचकन थुंकायचं नाही. स्ट्रॉ नको. जखमेतली रक्ताची गुठळी ओढली गेली तर हाड उघडं पडतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं दुखतं की गोळीनेही थांबत नाही, कानापर्यंत कळ जाते. त्याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो.

---

रत्नांग्रीची_मावशी (गुरुवार, सकाळी ११:३०)

अगं बाळा, आम्ही आमच्या लहानपणी मुका मार लागला की आंबेहळद उगाळून कोमट करून लेप लावायचो, दोन दिवसांत ठणका जायचा. ती बाहेरून गालाला लावायला काय हरकत आहे, तोंडात थोडीच घालायची आहे? जखम आत, लेप बाहेर. डॉक्टरबाई रागावू नका, खरंच समजून घ्यायचंय, कारण माझ्या मुलीची पण पुढच्या महिन्यात काढायची आहे.

---

दातांची_डॉक्टर (गुरुवार, दुपारी १:२०)

मावशी रागावायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. पडून-आपटून मुका मार लागतो तेव्हा आत जंतू शिरलेले नसतात, कातडी बंद असते. दाढ काढल्यावर मात्र तोंडातली जखम उघडी असते आणि तोंडात जंतू असतातच. समजा आत पू धरायला लागला असेल आणि बाहेरून गरम लेप किंवा शेक दिला तर तो पू आत तोंडात फुटण्याऐवजी बाहेर कातडीकडे वाट काढतो. मी स्वतः असे पेशंट पाहिलेत, दात किडून सूज आली, घरी आठवडाभर गरम शेक दिला आणि गालावर बाहेरून भोक पडून पू यायला लागला. दात काढल्यावर ते भरतं पण गालावर खड्ड्यासारखा व्रण राहतो, तरुण मुलीच्या चेहऱ्यावर तो बघवत नाही. म्हणून किडलेल्या दाताच्या सुजेला बाहेरून गरम कधीच नाही, हे तर सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

हळदीचं अजून एक म्हणजे ती लावली की कातडी पिवळी होते. मग खालची कातडी लाल होतेय का, काळीनिळी होतेय का हे दिसतच नाही, आणि मला तपासताना तेच बघायचं असतं. मुलीला लेप नका लावू, त्याऐवजी आदल्या दिवशीच बर्फाचे दोन ट्रे भरून ठेवा.

---

जर्सीकर_मराठी (गुरुवार, दुपारी १:५०)

मी न्यू जर्सीत असतो, इथे माझ्या एकदम चारही दाढा काढल्या. त्यांनी हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा एक पट्टा दिला, दोन्ही गालांपाशी खिसे आणि त्यात जेल पॅक. हात मोकळे राहतात ही मोठी सोय. घरी करायचं तर जुनी मऊ ओढणी घ्या, दोन रुमालांत बर्फाच्या पिशव्या गुंडाळून गालावर ठेवा आणि ओढणी हनुवटीखालून डोक्यावर बांधा, माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी तेच केलं.

पण एक चूक झाली ती सांगतो. जेल पॅक डीप फ्रीझमधून काढून थेट गालावर लावला आणि टीव्ही बघता बघता झोप लागली, वर भुलीचं इंजेक्शन अजून उतरलेलं नव्हतं त्यामुळे काही कळलंच नाही. पाऊण तासाने उठलो तर गालावर पांढरट कडक चट्टा, मग लाल झाला, मग फोड. सूज सहा दिवसांत गेली, तो डाग दीड महिना राहिला.

---

फिजिओ_नागपूर (गुरुवार, दुपारी ३:१०)

जर्सीकरांनी सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे आणि लोकांना माहीत नसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दातांतलं मला कळत नाही पण थंड-गरमचं रोजचं काम आहे. बर्फ वितळत असतो तेव्हा तो ० अंशावर असतो, त्याखाली जात नाही. जेल पॅक मात्र डीप फ्रीझमधून काढला की उणे १५-१८ अंशांपर्यंत असू शकतो आणि मऊ असल्यामुळे हाताला तेवढा गार वाटतही नाही. म्हणून घरी सगळ्यात सुरक्षित काय, तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे आणि थोडं पाणी, हवा काढून गाठ मारायची, वरून पातळ सुती रुमाल, तो जरा ओला केला तर गारवा लवकर पोचतो. १५ मिनिटं लावा, निदान तेवढाच वेळ काढून ठेवा. भूल उतरलेली नसेल तर १० मिनिटंच, तीही घड्याळ लावून. मटारची पिशवी पण छान बसते गालावर, फक्त रुमाल मधे हवाच.

अजून एक सांगतो कारण व्हॉट्सॲपवर हल्ली "बर्फ लावूच नका, जखम भरत नाही" असं फिरतंय. त्यामागे थोडं खरं आहे. मुरगळणं वगैरेसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं हे जे सूत्र जगभर चालतं ते अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली मांडलं, आणि त्यांनीच पुढे २०१४ मध्ये सांगितलं की बर्फाचा अतिरेक भरून येणं लांबवू शकतो, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे, त्या पाण्याबरोबर दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात. पण यातून "बर्फ वाईट" असा अर्थ काढू नका, दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी तो चांगलाच आहे, फक्त चार-पाच दिवस गालाला बर्फ चिकटवून बसू नका. दाढेवर बर्फ लावून जे अभ्यास झालेत त्यातही सुजेत फार मोठा फरक दिसत नाही, दुखण्यात थोडा दिसतो. त्यामुळे बर्फ लावूनही सुजलं म्हणून, गोदाकाठच्या ताई, तुम्ही काही कमी पडलात असं वाटून घेऊ नका.

तोंड दीड बोट उघडतंय हे चावायचा स्नायू आखडल्यामुळे असतं. गरम खरं कामाला येतं ते इथे, उद्यापासून.

---

विदर्भातली_सून (गुरुवार, दुपारी ४:००)

मधेच विचारते, माझ्या सासऱ्यांच्या पाठीवरची चरबीची गाठ परवा काढली, त्यांना शुगर आहे, त्यांनाही हेच लागू का? ते म्हणतात गार काही लागतच नाही मला, म्हणून तासभर बर्फ धरून बसतात.

---

फिजिओ_नागपूर (गुरुवार, दुपारी ४:२५)

ताई, तासभर अजिबात नाही, आजच थांबवा. जुनी शुगर असेल तर नसांची जाणीव कमी होते, विशेषतः पायाची, गार-गरम कळत नाही आणि त्यातूनच भाजतं. ज्याला लागत नाही त्याला जास्त जपायचं, कमी वेळ लावायचं. १० मिनिटं, तुम्ही स्वतः शेजारी बसून, मधे एकदा रुमाल उचलून कातडी बघायची, पांढरी पडली तर बंद. ड्रेसिंग ओलं होता कामा नये, ओलं झालं तर बदलायला जा. गरम पिशवी त्यांना घरी देऊच नका, लागलंच तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून.

---

गोदाकाठची_मी (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

सगळ्यांचे खूप खूप आभार. दुपारी डॉक्टरांशी बोलले, त्यांनीही जवळपास हेच सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत बर्फ, उद्या संध्याकाळपासून कोमट ओलं कापड. आईला तो गालावर भोक पडल्याचा मेसेज वाचून दाखवला, ती काहीच बोलली नाही, उठून फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेऊन आली. मला एकदम भरून आलं कारण ती सकाळपासून माझ्याच काळजीने भांडत होती.

आता एकच, गरम नेमकं किती गरम आणि कसं? आणि गालावरून खाली मानेकडे पिवळट-हिरवट दिसायला लागलंय, ते काय?

---

दातांची_डॉक्टर (गुरुवार, रात्री ९:१५)

पिवळं-हिरवं म्हणजे आत साकळलेलं थोडं रक्त विरघळतंय आणि ते वजनाने खाली उतरतंय, मानेपर्यंत, कधी छातीच्या वरच्या भागापर्यंतही जातं. आठवडा-दहा दिवसांत जातं, त्याला काही करायचं नाही.

गरम म्हणजे तव्यावरचं फडकं नको, ते किती तापलंय कळत नाही. आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात जाडसर नॅपकिन बुडवायचा, घट्ट पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, चटका बसला तर थांबायचं. मग गालावर जबड्याच्या कोपऱ्यापाशी १५-२० मिनिटं, गार झाला की परत बुडवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. ओली ऊब स्नायूपर्यंत नीट पोचते. लगेच नंतर, गाल गरम असतानाच, तोंड हळू उघड-मीट करायचं, ओढ जाणवेल इतपत, दुखेपर्यंत नाही, आठ-दहा वेळा. एरवी उभी तीन बोटं जातात आपल्या तोंडात, तिथपर्यंत यायला आठवडा-दहा दिवस लागतील. रबरी पिशवी वापरलीत तर उकळतं पाणी घालू नका, टॉवेल गुंडाळा आणि पिशवीवर गाल टेकून झोपू नका.

खायला मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, ताक. गरम गरम नको, कोमट. दाणे, तीळ, चिवडा यांचे कण टाक्यांत अडकतात. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त वाहतं राहतं. कोणाला हृदयासाठी ती आधीपासून चालू असेल तर ती पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि हे नीट वाचा. उतरायला लागलेली सूज चौथ्या दिवसानंतर परत वाढली, ताप १०१ च्या वर गेला, तोंडाला घाण वास आणि पू आला, तर थंड-गरम दोन्ही बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा. आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी, थुंकीही गिळता येत नाही, आवाज बदलला, श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही, रात्री २ वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. क्वचित होतं, पण ती सूज काही तासांत श्वासनलिका दाबते.

---

साताऱ्याचा_गडी (शुक्रवार, सकाळी ८:००)

हे सगळं माझ्या आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली मिठाची पुरचुंडी तिसऱ्या दिवशी दिली असती तर चाललं असतं का. डॉक्टर, उत्तर द्या, ती वाट बघतेय.

---

दातांची_डॉक्टर (शुक्रवार, सकाळी ९:४०)

आजींना नमस्कार सांगा. तिसऱ्या दिवशी, सूज वाढायची थांबली असती, ताप नसता आणि पू नसता तर चाललं असतं. फक्त मीठ तव्यावर फार तापतं आणि बराच वेळ तसंच राहतं, त्यामुळे ओला नॅपकिन बरा.

---

गोदाकाठची_मी (रविवार, रात्री १०:२०)

साखरपुड्याला जाऊन आले. शुक्रवारी संध्याकाळपासून कोमट कापड सुरू केलं, शनिवारी सकाळी जबड्याची कड दिसायला लागली आणि आज सूज निम्म्याहून कमी आहे. फोटोत उजवीकडून उभी राहिले, मानेवरचं पिवळं पदराखाली गेलं. तोंड अडीच बोटं उघडतंय, जेवण म्हणून वरण-भात कालवून खाल्ला. आई हॉलवर थर्मासमधून गरम पाणी आणि नॅपकिन घेऊन आली होती, मनगटावर बघून मगच माझ्या गालाला लावत होती. मंगळवारी टाके काढायचेत.